पाठांतराचा पराभव

माझ्या पुतणीला सात वर्षांची होईपर्यंत एक अक्षरही वाचता येणार नाही याची मी पक्की व्यवस्था केली, आणि तीही तत्त्वासाठी.

दादा झाशीला रेल्वेत गार्ड होता. मी त्याच्याकडे राहून पार्सल ऑफिसात नोकरी करायचो; पण मनाने मी पत्रकं काढणारा माणूस. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे बाळकडूच मिळालेलं. (दिसला नाही तर शोधायचा.) दादाची मुलगी कुसुम लक्ष्मी गेटजवळच्या पाठशाळेत जाऊ लागली. तिथले पंडितजी हातात छडी घेऊन चाळीस मुलांकडून अक्षरं ओरडून घेत. मी एक दिवस दारातून ते पाहिलं आणि घरी येऊन दादापुढे अर्धा तास भाषण केलं. घोकंपट्टीतून गुलाम तयार होतात, माणसं नाहीत. मूल आधी आवाज ओळखेल, मग आवाज जोडेल, मग स्वतःच्या बुद्धीने शब्द वाचेल. मी स्वतः शिकवेन. दादा नुकताच ड्यूटीवरून आला होता. झोपायला मिळावं म्हणून तो हो म्हणाला.

कुसुमची पाठशाळा सुटली, माझी शिकवणी सुरू झाली. मी 'म्म्म्' करायचो, ती 'म्म्म्' करायची. मी 'स्स्स्', ती 'स्स्स्'. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पंडिताइन दारात आल्या आणि कुसुमकडे बघत वहिनींना हळूच म्हणाल्या, "काए बहू, मोड़ी खों का हो गओ?" दतिया गेटला एक मंतरणारा बसतो, पोरीला त्याच्याकडे न्या, असंही त्यांनी सुचवलं. पोरीला काही झालेलं नाही, जे झालंय ते भावजींना, असं वहिनींनी त्यांना सांगितलं.

मी मागे हटलो नाही. बारा पानांचं वाचनपुस्तक स्वतः लिहिलं आणि बडा बाजारातून छापून आणलं. 'मगन, सरळ चल. मान वर कर. अन्याय बघ.' पाठ सोपे, पण विचार देणारे! (पहिल्याच पाठात जोडाक्षर घालू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) कुसुम बोट ठेवून वाचायची. ती जरा अडली की मला राहवायचं नाही. मीच आवाज जोडून शब्द म्हणायचो, मग तीही म्हणायची. दोन महिन्यांत ती बाराही पानं धडाधड वाचू लागली.

वहिनी एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "भावजी, ही बघत नाही हो. नुसतं ऐकते."

मी त्यांना शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. त्या सूप घेऊन आत गेल्या.

गणपतीत मी 'पाठांतराचा पराभव' नावाचं पत्रक काढलं आणि मंडळाच्या दारात उभं राहून वाटलं. आत आरत्या चालल्या होत्या. आमची झाशीची मराठी मुलं घराबाहेर वर्षभर हिंदी बोलतात. मराठी त्यांच्या तोंडी येते ती या दहा दिवसांत, आरतीच्या चालीवर. अर्थ विचारला की पळ काढतात. कुसुमला सात आरत्या पाठ होत्या. ती पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत खणखणीत गात होती, आणि मी बाहेर पाठांतराविरुद्ध पत्रकं वाटत होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असूनही मला काही सुचलं नाही.

मग दादाची बदली भुसावळला झाली. तिथल्या मराठी शाळेत वाचता आलं तर कुसुमला दुसरीत घेणार होते, नाहीतर बिगरीत, पाच वर्षांच्या मुलांत. कुसुम वयाने सात, उंचीने नऊची! तिने मला तीनदा विचारलं, "काका, मी बाळांमध्ये नाही ना बसणार?" मी तीनदा वचन दिलं.

त्या शाळेचे हेडमास्तर काशीहून परतताना झाशीला गाडी बदलणार होते. दादाने त्यांना चहाला घरी आणलं. कुसुम नवा फ्रॉक घालून पाटावर बसली. मी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली, पंडिताइनना ऐकू जावं म्हणून. कुसुमने बारा पानं एका दमात वाचली. मास्तरांनी चहा संपवला, पुस्तक घेतलं आणि उलटं करून पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. कुसुमने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकही चूक नाही!

मास्तरांनी मग झोळीतून स्वतःचं एक गोष्टींचं पुस्तक काढलं आणि उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने पान नीट पाहिलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, थांबली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, याची चाल कोणती?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दोष पद्धतीचा कसा नाही, हे मी मास्तरांना सविस्तर सांगितलं. ते घड्याळ बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले. (त्यांची गाडी जवळजवळ चुकलीच.) उठताना त्यांनी फक्त कुसुमला विचारलं, "पोरी, काका कसं शिकवतात?"

"ते आधी म्हणतात, मग मी म्हणते."

म्हणजे पंडितजींची पाठशाळाच मी घरी चालवली होती. फरक एवढाच, की तिथे निदान फळ्याकडे बघावं लागायचं.

कुसुम भुसावळला बिगरीत बसली. निघताना ती डब्याच्या खिडकीतून सगळ्यांना हात करत होती, मला सोडून. वर्षभर तिचं अक्षर दिसलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं:

'काका, मी पहिलीत गेले. मला वाचता येतं. इथल्या बाई मी वाचेपर्यंत गप्प बसतात.'

मी ते दोनदा वाचलं आणि ताबडतोब तिला उत्तर लिहायला बसलो. सोळा पानं झाली.