गुडघ्यातलं वाढलेलं हाड

"गुडघ्यात हाड वाढलंय," आयचा एक्स-रे बघून पालघरचे डॉक्टर म्हणाले. पुढंही ते बरंच बोलले, व्यायामाचा कागद दिला. माझ्या कानात मात्र तेवढंच राहिलं. वाढतंय म्हणजे त्याला खायला मिळतंय, असा शोध मी परतीच्या रिक्षातच लावला.

दांडी गावातल्या घरी पोचताच फर्मान काढलं: दूध बंद, जवळा बंद, सुके बोंबील बंद. कॅल्शियम पोटात गेलं की हाड आणखी वाढणार! चालणंही बंद, घासून घासून वाढायला नको. दोन बुकं जास्त शिकलेली मी, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

आयनं जन्मभर डोक्यावरून मासळीच्या पाट्या वाहिल्या होत्या. "जवल्याबिगर घास नाय उतरत गो," ती म्हणाली.

"गुडघा हवा की जवळा?" मी दरडावलं. ती हसली आणि नुसती पेज प्यायली.

वर्षभर ती ओटीवर बसून राहिली. शेजारणी पदराआडून बोंबील आणायच्या, तर हीच परत करायची. "माजे पोरीनं नको सांगितलंय." मांड्या वाळून काठ्या झाल्या. "पाय धरत नाय," म्हणायची. मी म्हणायचे, आराम कर. एका सकाळी मोरीकडं जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांत गेली.

भाऊ अजून सगळ्यांना सांगतो, हिनं आयचं किती केलं! तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.

आता बोईसरच्या माझ्या घरात जवळा भाजायला घेतला की पाठीमागं कुणीतरी ताटली घेऊन बसल्यासारखं वाटतं. मागते काही नाही, नुसती वाट बघते. मला भीती वाटते. मी गॅस बंद करते, पण मागं वळत नाही.

गेल्या महिन्यात माझाच गुडघा सुजला. इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून नीट समजावलं. सांध्यातली गादी झिजते, मग कडेकडेनं हाड वाढतं. खाण्यानं ते वाढत नाही. दूध, मासे बिनधास्त खा. रोज झेपेल तेवढं चाला, मांडीचे व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा, दुखलं तर शेका. फारच झीज झाली तर ऑपरेशनचं बघू. "बसून मात्र राहू नका," त्या म्हणाल्या. "मांडीतली ताकद गेली की माणूस पडतं."

मी खुर्चीतून उठायला लागले. त्यांना वाटलं, मी ऑपरेशनला घाबरले. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि पेन उचललं.

"घरात आधी कुणाला होता का हा त्रास? आईला वगैरे?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं.