आक्काच्या नावावरची जीप

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलीला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढा भाग गाळूनच पुढं जातो — देवाला ठाऊक नसेल असं नाही, पण आपण होऊन कशाला विषय काढा? तुम्हाला का सांगतोय मग? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर माझा धीर झाला नसता.

गोष्ट एका जीपची आहे. निदान मी इतकी वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो — जीपची, करांची, कागदपत्रांची. माणसांची नाही.

मी निपाणीचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, माप चुकलं तर चुकलं म्हणायचं, कानशीनं घासून लपवायचं नाही. माझ्या हाताखालून गेलेली पोरं अजून हे वाक्य मला ऐकवतात. ती भेटली की मी रस्ता बदलतो असं नाही, पण लवकर निघतो.

एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या वखारीत ती जीप उभी होती. व्यापारी मूळचा कोल्हापूरकडचा, त्यामुळे नंबर तिकडचा, एमएच-०९. तो वारला, मुलानं वखार रिकामी करायला काढली आणि भंगाराच्या भावात जीप मला दिली. खालचा पत्रा गंजून हातात येत होता, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. तीन वर्षं मी सुट्टीचा एकेक दिवस तिच्यात घातला. इंजिन उतरवलं, स्प्रिंगचे पाटे बदलले, मिळेना तो भाग लेथवर स्वतः केला. बायको म्हणायची, तुम्ही माझ्याशी लग्न केलंय की हिच्याशी? खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांइतका सुखी मी कधीच नव्हतो.

इंजिन सुरू झालं आणि मग कागद आले.

आमच्या भागात राहणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको, पण तुम्ही कुठले मला माहीत नाही, म्हणून सांगतो. गाडी महाराष्ट्राची आणि मी कर्नाटकातला. माझ्या नावावर करायची तर आधी कोल्हापूरहून नाहरकत दाखला, मग इकडं नवा नंबर, त्यावर कर्नाटकाचा लाइफ टॅक्स. पासिंग संपून वर्षं झालेली, त्याचा दंड वेगळा. गाडी जुनी म्हणून हरित कर वेगळा. आरटीओबाहेर टपरीत बसणाऱ्या एजंटानं माझी फाईल चाळली आणि हसला. म्हणाला, "सर, निपाणीच्या पत्त्यावर घेतली तर जिपंपेक्षा कागदं जड हुतील. नाक्यापलीकडं कोण पावनं न्हाय काय? बहीण-बिहीण?"

बहीण होती. नाक्यापलीकडं, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, कुणी नाही असं घर निपाणीत सापडायचं नाही. आमच्या मुली तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आलेल्या, आणि कित्येकांच्या गाड्या बहिणींच्या, मेव्हण्यांच्या नावावर. याला कुणी चोरी म्हणत नाही. हुशारी म्हणतात. मीही हुशारीच म्हणालो.

माझी आक्का — माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कोगनोळीचा नाका ओलांडला की चार-पाच मैलांवर तिचं सासर. नवरा लवकर गेला, एक मुलगी लग्न होऊन लांब. शेजारी दीर, पांडुरंग, त्याचा मालवाहू टेम्पो. मला आयटीआयला घातलं ते आक्कानं, लग्नाआधी विड्या वळून. हे सांगायचं नव्हतं मला. पण सांगितलं नाही तर तुम्हाला पुढचं नीट कळणार नाही.

मी तिच्याकडं गेलो, आधार कार्ड मागितलं, रेशन कार्डाची झेरॉक्स घेतली, चार ठिकाणी सह्या घेतल्या. कसले कागद, तिनं विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. जीप तिच्या नावावर होतेय, एवढं एक वाक्य तर होतं! ती नाही म्हणाली असती का? मुळीच नाही. हसून सही केली असती. मग का नाही सांगितलं? मला वाटतं, बहिणीच्या नावाआड लपून कर चुकवणारा भाऊ तिला दिसू नये, एवढ्यासाठीच. गाडीचं कार्ड पोस्टानं तिच्याच पत्त्यावर येणार होतं. तिला म्हणालो, एक पाकीट येईल, माझं आहे, फोडू नकोस. तिनं ते देवाच्या फळीवर ठेवलं आणि मी गेल्यावर पदरानं पुसून माझ्या हातात दिलं.

रंग मारून जीप घेऊन गेलो तेव्हा तिनं जीपला ओवाळलं. बॉनेटवर कुंकू लावलं. सगळ्या गल्लीला सांगितलं, माझ्या भावानं हातानं केलीय.

पुढची दोन-तीन वर्षं मजेत गेली. इकडं ट्रॅफिकवाल्यानं अडवलं, एमएच गाडी किती दिवस झाली म्हणून विचारलं, की मी कानडीत सांगायचो — नम्म अक्कन गाडी, सर. आमच्या आक्काची गाडी, दोन दिवसांसाठी आणलीय. चौकाचौकांत पोलिसांना सांगत होतो मी हे. फक्त आक्काला तेवढं सांगितलं नव्हतं.

मग तिकडं सरकारनं रेशन कार्डांची छाननी काढली. ज्याच्या नावावर चारचाकी, त्याचं कार्ड पांढरं. आक्काचं पिवळं कार्ड गेलं. दुकानदारानं परत पाठवलं तेव्हा तिला वाटलं अंगठा उमटला नसेल. महिन्याभरानं तिनं मला फोन केला आणि मी तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या नावावर चारचाकी आहे."

आक्का हसली. "माझ्या नावावर? अगं बाई, सायकल बी न्हाय घरात!" रांगेतले लोकही हसले. मी — मी पण हसलो. जीप बाहेर उभी होती. आम्ही दोघं तिच्यातनंच आलो होतो.

तेव्हा बोलायचं होतं. त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं? रांगेत थोडी शोभा. आक्कानं पाठीत धपाटा घातला असता. मी जीप माझ्या नावावर करून घेतली असती, कर भरला असता, कार्ड दोन-तीन महिन्यांत पुन्हा पिवळं झालं असतं. एवढंच. मी काय म्हणालो? म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक असंल. मी बघतो आरटीओत. तू नको हेलपाटे घालू."

आम्ही परत निघालो. नाक्याच्या अलीकडं आक्का एकदम म्हणाली, "सदा, भावजींनी तर केलं न्हाय न्हवं? त्यांनी टेम्पोच्या कर्जाला माझी झेरॉक्स नेलती."

पांडुरंगानं खरंच नेली होती, तिला जामीनदार दाखवायला. मी गिअर बदलला. रस्त्याकडं बघत म्हणालो, "काय सांगावं."

हे दोन शब्द. मी त्याचं नाव घेतलं नाही, हो म्हणालो नाही. वर्षानुवर्षं याच आधारावर झोपायचा प्रयत्न केला — मी कुठं हो म्हणालो? पण आक्का मला ओळखत होती. खोटं असतं तर माझा भाऊ लगेच नाही म्हणाला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्यापुरतं ते हो होतं आणि मला ते बोलतानाच कळलं होतं.

त्या दिवसापासून तिनं दिराशी बोलणं टाकलं. दोन घरांमधल्या दाराला कडी लावली. भावानं जमिनीचा तुकडा हडपला तरी लोक वर्षभरानं बोलतात, पण आक्का तशी नव्हती. तिचा राग कधी उतरत नसे. पांडुरंग आधी समजूत घालायला आला, टेम्पोचे कागद घेऊन आला, मग यायचा बंद झाला. टेम्पो स्वतःच्याच नावावर आहे हे दाखवून उपयोग काय? आक्का म्हणायची, दुसरी कुठली तरी घेतली असंल.

वर्षाच्या आत तिला धाप लागायला लागली. कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले हृदयाची झडप खराब आहे, बदलावी लागेल, आणि लगेच विचारलं, कार्ड कुठलं? मोफत उपचारांची योजना तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डावर होती. पांढऱ्यावर बसत नव्हती. ती दवाखान्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मला म्हणाली, "बघ, कुणाचं तरी पाप आणि भोगायचं मी."

मी कोल्हापूरच्या आरटीओपर्यंत गेलो. खोटं नाही सांगत. फाईल घेऊन गेलो, जीप तिच्या नावावरून काढायची या विचारानं. फाटकात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला, म्हणाला, सर, तुमचं काय काम इथं, मी करून देतो. मी म्हणालो, काही नाही रे, सहज आलो होतो. आणि परत फिरलो. पुन्हा गेलो नाही.

आक्काला मी म्हणालो, सोसायटीचं कर्ज काढतो, ऑपरेशन करून टाकू. ती म्हणाली, "पोरीचं लगीन तोंडावर हाय तुझ्या. गोळ्यांवर भागंल म्हणतील डॉक्टर, मी काय मरत न्हाय लगेच." मी आणखी एकदा आग्रह केला. तिनं पुन्हा नाही म्हटलं. मला हायसं वाटलं. हे असं कागदावर दिसतं तेव्हा आपलंच अक्षर परक्याचं वाटतं. पण वाटलं खरं.

दर महिन्याला गोळ्या मी नेऊन द्यायचो, जीपमधून. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. आक्कासुद्धा म्हणायची.

दोन वर्षं काढली तिनं. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "माझ्या मड्याला भावजींचा हात लागू देऊ नगंस. एवढं तुझ्याकडं मागते." मी मान हलवली. तेव्हाही खोलीत आम्ही दोघंच होतो. वेळ होता. तिचे कान चांगले होते, डोकं शाबूत होतं. ऐकून घेतलं असतं तिनं. शिव्या दिल्या असत्या, पण पांडुरंगाला हाक मारून त्याचा हात धरून गेली असती. मी तिला पाणी पाजलं आणि बाहेर येऊन बसलो.

सकाळी तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा पांडुरंग गल्लीच्या तोंडाशी उभा होता. अंघोळ केलेली, डोक्यावर टोपी. खांदा द्यायला आला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आक्कानं आपली इच्छा साऱ्या गल्लीला सांगून ठेवली होती. मी त्याच्याकडं गेलो. तो हळू आवाजात म्हणाला, "पावनं, सगळ्यांचं सोडा. तुम्हास्नी तरी पटतंय न्हवं, मी वैनीला फसवलं न्हाय?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणालो, "तिची इच्छा हुती. तुम्ही मागं थांबा."

तो थांबला. आम्ही वळणावरून दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभा होता म्हणे. मी मागं वळून पाहिलं नाही, हे दुसऱ्यांनी सांगितलं. पुढचा डावा खांदा माझा होता.

तुम्हाला वाटत असेल की मी कर चुकवला याची लाज मला वाटते. कराचं काय! तो नंतर भरला. आक्काच्या मुलीकडून वारस म्हणून सह्या घेतल्या, तिनंही आईसारख्याच न विचारता केल्या. नाहरकत आणली, लाइफ टॅक्स भरला, दंड भरला, नवा नंबर घेतला. एवढं सगळं पंधरा-वीस दिवसांत झालं. ते इतक्या लवकर होतं हे कळलं त्या दिवशी मी आरटीओच्या आवारात झाडाखाली बराच वेळ बसून राहिलो. जीप विकली नाही. का, ते मला सांगता येत नाही. चालवतो, पण तिच्यात शेजारी कुणाला बसवत नाही.

पांडुरंग अजून टेम्पो चालवतो. भाजी घेऊन निपाणीच्या बाजारात येतो आणि मला बघितलं की थांबतो. त्याच्या बायकोनंही मधल्या काळात त्याला एकदा विचारलं होतं, खरं सांगा म्हणून — हे त्यानंच मला सांगितलं, हसत. गेल्या आठवड्यातही भेटला. मी जीपमध्ये होतो, तो खिडकीशी आला, घरचं विचारलं, पोरीचं विचारलं. मग बॉनेटवर हात टेकून म्हणाला, "पावनं, वैनीच्या नावावरच्या त्या गाडीचा लागला काय पत्ता? तेवढं कळलं तर बरं हुईल बघा."

मी म्हणालो, "न्हाय अजून."