न पुसली जाणारी नोंद

अंबडच्या कारखान्यातला तो सुपरवायझर मला एकदाच भेटला. बोलताना टेबलावरचा नसलेला डाग तो अंगठ्याने पुसत होता.

त्यांच्या डेटाबेसचं काम मी फंक्शनल पद्धतीने केलं होतं. त्यात जुनी नोंद बदलत नाही. दुरुस्ती नवी नोंद म्हणून खाली येते. आदल्या आठवड्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर एका कामगाराची बोटं गेली होती. मशीन तपासून घेणं सुपरवायझरचं काम; त्या सकाळची नोंद होती, ‘मशीन तपासलं नाही.’

“मॅडम, तेवढं ‘तपासलं’ करा ना. लय घाई करायचा तो, चूक त्याचीच.”

“तुम्हीच करा, पण आधीचंही दिसेल.”

“कसलं सॉफ्टवेअर हे? माणसाला चूक सुधारता येत नाही!”

एरवी मी मान खाली घालते. त्या दिवशी संतापाने त्याच्या हाताकडे बघत राहिले. पाचही बोटं शाबूत होती.