कमठाण्याहून म्युनिक, मध्ये एक हुमनाबाद

जाताना मी सोबत असणार होते, येताना आईला एकटीनं यायचं होतं. या प्रवासातला खरा प्रश्न तेवढाच होता. बाकी सगळं तिकिटावर छापलेलं होतं.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, म्युनिकजवळ राहते. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. आईला तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला, मला दहा दिवसांची रजा. वाटेत आखातातल्या एका भल्यामोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. हे विमानतळ रचनेनं इतके एकसारखे असतात की एक समजला की पुरे. आईनं तोवर विमानं पाहिली होती ती फक्त बीदरच्या हवाई दलाच्या तळावरून उडून आमच्या शेतावर घिरट्या घालणारी, सरावाची.

विमान सकाळचं होतं, म्हणून आदल्या दिवशीच निघालो. तुम्हीही तसंच करा. कमठाण्याहून बीदर, तिथून जहीराबाद, मग हैदराबादचा महामार्ग. पाटणचेरूजवळ बाह्य वळणरस्ता धरला की शहरात शिरावं लागत नाही, थेट शमशाबाद. गाडीनं साडेतीन-चार तास धरा आणि भाडं निघण्याआधी ठरवा. जहीराबादच्या अलीकडे चहा आणि मिरची भजी घेतली. सुसला आईनं घरून आणला होता. भिजवलेले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट. तो विमानतळाच्या दारापर्यंत पुरला. बॅगेतून खोबऱ्याच्या वाट्या मात्र मी घरीच काढून ठेवल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण ते पेट घेतं. आईला हे पटलं नाही.

"खोबरं पेटतंय मनं! आन् तुमचं इमान कशावर चालतंय, पान्यावर?"

गाडीत मी तिला हब म्हणजे काय ते समजावलं. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला विमान सोडणं परवडत नाही. म्हणून सगळीकडची माणसं एका जागी आणायची, तिथं त्यांची अदलाबदल करायची आणि पुढं पाठवायची. विमानं दिवसभर सारख्या अंतरानं येत नाहीत, लाटेनं येतात. एकापाठोपाठ एक उतरतात, माणसं आणि सामान या विमानातून त्या विमानात जातं, आणि मग सगळी एकापाठोपाठ उडतात. मधल्या वेळात तोच विमानतळ ओस पडतो.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हंजी हुमनाबादच की. बीदरची गाडी, कलबुर्गीची गाडी, बसवकल्याणची गाडी. समद्या आल्या की समद्या सुटत्यात."

हुमनाबादचं बसस्थानक असंच चालतं; उपमा चुकीची नव्हती. मी पुढचं समजावणं तिथंच थांबवलं. आता वाटतं, थांबवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आखातात उतरलो. इथली वाट नीट सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ इथंच होतो. विमानातून बाहेर आलात की दोन पाट्या दिसतात: एक शहरात जाणाऱ्यांची, एक पुढचं विमान घेणाऱ्यांची. दुसरी धरायची. पुन्हा तपासणी होते, हैदराबादला झालेली असली तरी. तपासणीआधी पाण्याची बाटली रिकामी करा, पुढं नळ असतात. मग एक प्रचंड दालन लागतं आणि त्यातून लांब शाखा फुटतात. शाखेला इंग्रजी अक्षर, शाखेवरच्या दाराला आकडा. लांबच्या शाखेला आतल्या आत छोटी रेल्वे जाते, तिला तिकीट नाही. मोठ्या बॅगेची काळजी करू नका. ती जमिनीखालच्या पट्ट्यांवरून, तिला लावलेल्या चिठ्ठीवरच्या रेघा वाचून, आपोआप पुढच्या विमानाकडे जाते. पुण्यात माझं काम अशाच सरकत्या पट्ट्यांना सेन्सर लावण्याचं आहे, म्हणून हे खात्रीनं लिहितेय.

आई मराठी आणि कानडी वाचते, इंग्रजी नाही, पण आकडे आणि ए, बी, सी तिला ओळखता येतात. तेवढं पुरेसं होतं. एक अक्षर, एक आकडा. तिनं पाट्या वाचत मला आमच्या गेटपर्यंत नेलं. मी मागून चालत होते आणि मनातल्या मनात तिला पास करत होते.

गेटसमोर बसलो. "हितंच बस, मी तोंड धुऊन येते," असं सांगून मी गेले.

परत आले तर आमच्या खुर्च्यांभोवती पट्टी ओढलेली. दोन सुरक्षारक्षक, एक वायरलेसवर बोलणारा. लोकांना मागं सारलं होतं, आणि त्या लोकांत, अगदी पुढं, हातात भरलेली बाटली घेऊन माझी आई टाचा उंचावून बघत होती.

मला बघून तिनं विचारलं, "काय झालं गे तितं? कुनाला चक्कर आली का?"

"आई, पिशवी कुठंय?"

"ती न्हाई का, खुर्चीवर. तुज्या खुर्चीवर टावेल टाकलाय. जागा धरून पानी आनाया गेलते."

तिच्या दृष्टीनं तिनं काहीच वावगं केलं नव्हतं. आमच्याकडं बस लागली की खिडकीतून टॉवेल आत टाकतात, आणि टॉवेल असलेल्या जागेवर कोणी बसत नाही. मालक चहा पिऊन आला तरी जागा त्याचीच. विमानतळावर मात्र माणसाशिवाय पडलेली पिशवी म्हणजे धोका, आणि सगळी यंत्रणा तेवढ्यासाठी धावते. मी तिला बाटलीबद्दल सांगितलं, खोबऱ्याबद्दल सांगितलं. हे सांगितलं नव्हतं.

मी इंग्रजीत सुरुवात केली. आई मला बाजूला सारून रक्षकाशी थेट दखनीत, म्हणजे आमच्याकडच्या उर्दूत, बोलू लागली.

"मेरी हय वो थैली! बच्चे की गोधडी हय उसमें, होर कुंची. मय जगा पकडी थी, बस."

रक्षकाला उर्दू येत होती. त्यानं पासपोर्ट पाहिले, पिशवी यंत्रातून काढली, मग उघडायला लावली. जुन्या लुगड्यांची गोधडी. बाळाच्या डोक्याला घालायची, पाठीवर रुळणारी कुंची. तो नकळत हसला.

"अम्मा, यहाँ जगह पकड़नी नहीं पड़ती. टिकट पर लिखी होती है."

आईनं दाराशी आत्तापासून रांग धरलेल्या माणसांकडे बोट केलं. "तो फिर ये लोगां कायकू खड़े?"

त्यानं पिशवी आईच्या हातात दिली. आम्हाला जाऊ दिलं, विमानही मिळालं. पण बसल्यावर मनातला निकाल बदलला होता: ही एकटी येऊ शकणार नाही.

म्युनिकला पोचल्यावर मी ताईला सांगितलं, येताना आईसाठी चाकाची खुर्ची मागून ठेव. खुर्ची ढकलणारा माणूस थेट गेटवर सोडतो, चुकायचा प्रश्न नाही.

"कामून? माजे पाय गेलेत का?" आई म्हणाली. "खुर्चीत बसून आले तर ताईच्या लेकराला काय सांगू, आजी येक डाव चुकली मनून तिला खुर्चीत घातली?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. खुर्ची मागायची नाही असं ठरलं. मी फक्त एवढंच म्हणाले, "पिशवी अंगापासून दूर ठेवायची न्हाई." आई म्हणाली, "व्हय, कळलं." दहा दिवसांनी मी परतले. नंतर ताईला मुलगी झाली.

आई परत यायच्या दिवशी मी हैदराबादला, बाहेर पडणाऱ्या दारासमोर उभी होते. पहिलं विमान आखातात वेळेवर उतरल्याचं फोनवर दिसलं होतं. दुसरं वेळेवर उडाल्याचंही. आई त्यात आहे का, हे कोणतंही ॲप सांगत नाही. तिला पाठवलेले निरोप पोचले नव्हते. लोक येत होते, मिठ्या मारत होते, जात होते. गर्दी ओसरली. पट्ट्यावर बॅग यायला किती वेळ लागतो हे मला व्यवसायानं माहीत आहे, आणि ती माहिती त्या वेळी काहीच कामाची नव्हती.

मग दार सरकलं आणि आई आली. ट्रॉली ढकलत, चालत. पिशवीचे बंद मनगटाला टॉवेलनं गच्च बांधलेले.

मी पुढं होऊन ट्रॉली धरली. ती म्हणाली, "रडायलीस कामून? मी आलेय की."

गेट बदललं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. तिकिटावर एक अक्षर आणि पाटीवर दुसरंच. ती आतल्या रेल्वेनं दुसऱ्या शाखेत गेली होती.

"तुला कसं कळलं?"

"सारकी पाटी बगत व्हते. बीदरला फलाटावर गावाचं नाव लिव्हलंय मनून गाडी तितंच लागती व्हय?"

भाड्याची गाडी न करता बसनंच घरी जायचं तिनं ठरवलं. विमानतळावरून शहरात यायला बस मिळते, तिथून बीदरच्या गाड्या वरचेवर असतात. गाडी फलाटाला लागताच आईनं मनगटावरचा टॉवेल सोडला आणि खिडकीतून आत दिला. "अण्णा, दोन जागा धरा." पिशवी मात्र छातीशी धरून उभी राहिली. आम्ही चढलो तेव्हा गाडी भरली होती, आणि टॉवेलखालच्या दोन जागा रिकाम्या होत्या. मी खिडकीशी बसले आणि जहीराबादपर्यंत झोपले. कित्येक दिवसांत तशी झोप लागली नव्हती.

कमठाण्यात संध्याकाळी शेजारच्या काशीअक्का बाळाचे फोटो बघायला आल्या. पिशवीला विमानतळाची चिठ्ठी अजून लटकत होती. आई ती कापू देत नाही. काशीअक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कसं हाय ओ तिकडं? लई मोठं हाय मनत्यात."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. शाखा, लाटा, जमिनीखालचे पट्टे.

"हुमनाबादसारकंच हाय अक्का," आई म्हणाली. "पन जागा धरू देत न्हाईत."