ॲन्टेनावरचा हात

नागनाथ मिस्त्रीने पूर्णेच्या आसपासच्या गावांत शेकडो ॲन्टेना उभे केले. चित्र लागताना मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. तो छतावर पाइप फिरवायचा, टीव्ही खाली घरात. दारात उभं राहून कुणीतरी ओरडायचं : आलं, गेलं, मुंग्या. त्यावर त्याचा हात थांबायचा.

१४ जानेवारी १९९४, संक्रांत. मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आज होणार, असं सकाळपासून स्टेशनवर बोललं जात होतं. नागनाथला संध्याकाळच्या बातम्या घरी ऐकायच्या होत्या. दुपारी दिनकररावांचा निरोप आला : वानरांनी ॲन्टेना वाकवलाय, बातम्यांच्या आत लावून दे. मोठं शेतकरी घर, जुनं गिऱ्हाईक. तो सायकलवर चार कोस गेला.

१९७८ साली नामांतराचा ठराव झाला, तेव्हा त्याचं कुटुंब गावातल्या बौद्ध वस्तीत राहत होतं. ती बातमी त्यांनी अंगणात रेडिओ मोठा करून ऐकली. आठ दिवसांत दंगलीत घर जाळलं गेलं. रेडिओ वाचला, तो घेऊन ते पूर्णेला आले. तेव्हापासून त्याची आई सरजाबाई रेडिओ कानाला लावून ऐकते. भिंतीपलीकडे जाऊ नये इतका बारीक.

बातम्या सुरू झाल्या तरी चित्र बसेना. नागनाथने पाइप परभणीकडे वळवला, थोडा मागे घेतला. दारातून दिनकररावांच्या पत्नी पार्वतीबाई सांगत होत्या.

"एकीच्या दोन बाया दिसायल्यात, मिस्त्री. दोघी बी एकदमच बोलायल्यात."

त्याने ॲन्टेनाची कांडी मुठीत धरली आणि चित्र स्वच्छ झालं. हात काढला की मुंग्या. कधीकधी असं होतं. माणसाचं अंगच ॲन्टेनाचा भाग बनतं. दिनकरराव आतून म्हणाले, "तसंच धरून बस, नागनाथ. बातम्या होऊ दे."

तो धरून बसला. बातम्या त्याच्या हातातून खाली जात होत्या आणि त्याला नुसती कुजबुज ऐकू येत होती. हात सोडला तर गिऱ्हाईक जाणार. काय सांगतायत, हे त्या घराला विचारायचं त्याच्या जिवावर आलं. शेवटी ओरडला, "आवाज पूर्ण मोठा करा. आवाजावरनं लावतो."

ॲन्टेना आवाजावरून लावत नाहीत. आवाज मुंग्यांतूनही येतो. दिनकररावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी बटण फिरवलं आणि बातमी गल्लीभर झाली : विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव, पुढे 'मराठवाडा' कायम. हळदीकुंकवाला निघालेल्या बायका थबकल्या.

दिनकररावांनी बटण मागे फिरवलं. मग विचारलं, "झालं का लावून?"

"झालं," म्हणत नागनाथने हात काढला.

"मुंग्या आल्या की," पार्वतीबाई म्हणाल्या. उद्या नवा पाइप आणतो, असं सांगून त्याने सायकल काढली. तिळगुळालाही तो थांबला नाही.

घरी सरजाबाईने बातमी ऐकली होती. रेडिओ अजून कानाशीच होता. नागनाथने तो तिच्या हातातून घेतला आणि बटण पूर्ण फिरवलं. कुठलंसं गाणं खोलीभर झालं. सरजाबाईने आधी दाराकडे पाहिलं, मग हात पुढे करून आवाज पुन्हा बारीक केला.

"आठ दिस जाऊ दे," ती म्हणाली.