तीन तेलांची गाडी

मारोतीभाऊ गेल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. दुपारची वेळ होती, पत्रा तापलेला. तो माणूस गिअर तेलाची बाटली घ्यायला आला आणि जाता जाता सहज बोलून गेला, "तो मासोळीवाला बुढा वारला म्हन्ते नं, तलावाकडचा. नवीन गाडीवाला." नवीन गाडीवाला म्हटल्यावर मला खरंच कुणी आठवलं नाही. माझ्या डोक्यात मासळीवाला म्हणजे जुनी काळी बुलेट, मागे ओलं गोणपाट टाकलेला क्रेट, आणि नाक्यावर असतानाच दुकानात ऐकू येणारी तिची धडधड. दुसराच कुणी असेल म्हणून मी निर्धास्तपणे बाटली पुसत राहिले. "कोण हो?" "मारोती वो, मारोती! तुह्याच दुकानी तं बसत होता." बाटलीचं बूच घट्ट आहे का ते मी उगाच पुन्हा पाहिलं... ती नवीन गाडी त्यांना मीच घ्यायला लावली होती.

मी इकडची नाही. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडे, माण तालुक्यात. तिथं दारात उभं राहिलं की चार गावं दिसतात, मध्ये झाड म्हणून नाही. आठवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि आमचे हे रस्त्याच्या कामावर ड्रायव्हर म्हणून आलापल्लीला आले तशी मीही आले. इथलं सागवान एवढं दाट की पहिले काही दिवस मला आभाळ कुठं गेलं तेच समजेना. रस्त्याचं काम संपल्यावर ह्यांनी गाड्यांचं तेल आणि सुटे भाग विकायचं छोटं दुकान टाकलं, पण तेवढ्यावर भागेना, म्हणून स्वतः पुन्हा ट्रकवर गेले. महिना महिना घरी नाहीत. गल्ल्यावर मी एकटी. इथली भाषा कळत नव्हती, डब्यांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. कुणी दारात नुसतं उभं राहिलं तरी मी गल्ल्याच्या मागं सरकायची. दुकानासमोर रिकामी पोरं बसायची, हसायची... कशाला हसतात तेही समजायचं नाही.

त्याच दिवसांत मारोतीभाऊ पहिल्यांदा आले. ढिवर माणूस, तलावातली आणि नदीतली मासळी घेऊन बुलेटवरून गावोगाव फिरणारा. "क्लचचं तेल दे, बाई," म्हणाले. मी घाबरून समोर होती ती बाटली काढून दिली. त्यांनी बूच उघडलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय देऊन राह्यली वो? हे गिअरचं. वास पाह्य, नासक्या अंड्यावानी. हे क्लचात टाकलं तं प्लेटा एकमेकीले चिकटून बसतीन, आन् मी बसीन जंगलात मासोळ्यायचं तोंड पाहात."

मला रडू येणार हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी मला बाहेर बोलावलं, गाडी स्टँडवर घेतली आणि बोटानं एकेक भाग दाखवायला लागले. जुन्या बुलेटला तेलाची तीन वेगळी घरं असतात, एकाचं तेल दुसऱ्यात जात नाही. "एका घरात तिघी जावा हायेत असं समज. पन चुली अलग. हे इंजिन, मोठी जाऊ. तापट. तिले असं तेल पायजे का तापलं तरी पानी नाई झालं पायजे. हे क्लचचं, इथी साखळी फिरते. मधली जाऊ, नाजूक. तिले पातळ पायजे. आन् हे गिअरबॉक्स, धाकटी. तिले नुस्ते दातच दात. दिवसभर कचकच. तिले हे तुहं वासाचं, नव्वद नंबर, जाड. नाईतं दात पाडून घेते."

"आणि मोठीचं मधलीला दिलं तर?" मी विचारलं.

"चालते. मधली कुरकुर करते, पन नांदते. धाकटीचं मधलीले नोको देऊ फक्त."

त्या दिवसापासून मी तेल विकायला शिकले. नव्या मोटरसायकलींत तिन्ही कामं एकच तेल करतं, म्हणून ते जास्त पाहून द्यावं लागतं, कारचं तेल गुळगुळीत असतं, त्यानं क्लच घसरतो, हे त्यांनीच सांगितलं. डब्यावर काय छापलंय ते त्यांनाही वाचता येत नव्हतं. कोणत्या खुणेचा डबा कशाला, एवढं आम्ही दोघांनी मिळून पाठ केलं. त्यातही ते चुकायचे आणि मग माझ्यावर ढकलायचे, "तूच सांगितलं होतं मले!"

बुलेटच्या क्लचच्या डब्यातून तेल गळायचं. म्हणून दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी ते यायचे. हे काम घाईचं नसतं. पातळ तेल हळूहळू ओतायचं, आणि बाजूच्या बोल्टाच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत थांबायचं. थेंब आला की माप भरलं. तोवर भाऊ दारातल्या लाकडी खोक्यावर बसून असायचे. ते बसले की समोरची पोरं उठून जायची. भाऊ त्यांना एक शब्द बोलायचे नाहीत, नुसते त्यांच्याकडे बघत तंबाखू मळायचे. इंजिनातून काढलेलं काळं जळकं तेल ते कधी फेकत नसत. थोडं डोंग्याला, म्हणजे त्यांच्या लाकडी होडीला, लावायला घरी न्यायचे, आणि एकदा उरलेलं माझ्या दुकानाच्या चौकटीला फासलं. "उधई लागून राह्यली तुह्या दाराले. तू वर पाह्यत राहाते, खालून दार खाऊन चालली."

येताना पळसाच्या पानात मासळी आणायचे. आमच्या घरात कुणी मासळी शिवत नव्हतं, त्यात मला काट्यांची भीती. मी ती गुपचूप शेजारणीला द्यायची आणि भाऊंना म्हणायची, छान होती. कितीतरी महिने चाललं हे. मग एकदा तेल ओतता ओतता म्हणाले, "तुही शेजारीन मस्त जाड झाली वो, बाई." मी मान खाली घातली. ते एवढे हसले की हातातलं नरसाळं हललं आणि तेल सांडलं. मग त्यांनी दुकानामागच्या मोरीवर बसून मासळी कशी साफ करायची ते दाखवलं. "तुह्या गावात पानी नाई, मासोळी कुठून पाहाशीन? पन आता तू आमच्या देशात हायेस." आमच्या देशात... असं मला इथं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

गळती मात्र माझ्या जीवाला लागली होती. क्लचच्या झाकणाला एक मोठं रबरी सील असतं, बांगडीसारखं. ते झिजलं की तेल गळतं. मी नागपूरहून मुद्दाम मागवून भाऊंना दिलं. पुढच्या आठवड्यात गाडीखाली पुन्हा थेंब. "बसवलं नाही का?" "बसवलं नं. जुनी गाडी हाय, बाई, मानत नाई." मला वाटलं सीलच खोटं आलं. मी त्या नागपूरवाल्याला फोनवर नको नको ते बोलले.

मग त्या पावसाळ्यात ते एकदा बुलेट ढकलत आले. भामरागडच्या रस्त्याला जंगलात क्लच कोरडा पडला होता. तिकडून चालत, ती एवढी जड गाडी रेटत, चिखलात. खोक्यावर बसले तेव्हा ओठ काळे पडले होते. वाघ, हत्ती, नाल्याचं पाणी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी रडायला लागले. भर दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना. "ही गाडी विका भाऊ. माझी शपथ आहे. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" ते घाबरून "बरं बरं" म्हणत राहिले. त्यानंतरही मी सोडलं नाही. येतील तेव्हा तेच. शेवटी अहेरीकडच्या एका तरुण मास्तरांना जुन्या गाडीची हौस होती, त्यांना बुलेट दिली आणि भाऊ नवीन गाडी घेऊन दारात आले. क्रेट तोच होता, मागे बांधलेला.

मी गाडीभोवती फिरले. खाली थेंब नाही. केवढा आनंद झाला मला.

"हिले तेल कोनतं?"

"एकच भाऊ. जावा एकत्र झाल्या! तेही सारखं सारखं बघायला नको. कंपनीवाले सर्व्हिसिंगला बदलून देतील."

भाऊ खोक्याकडे पाहत म्हणाले, "मंग मी इथी काय करू?"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

त्यानंतर ते दोन-तीनदा आले असतील. दाराशी गाडी उभी करायचे, उतरायचे नाहीत. "काई लागत नाई नं हिले?" "काही नाही भाऊ, निवांत फिरा." मासळी देऊन जायचे. मग मासळीही पुतण्याच्या हाती यायला लागली, मग तीही बंद झाली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. आभाळ भरून आलं तरी आता मी रस्त्याकडे डोळे लावून बसत नव्हते. माझी काळजी मिटली होती, त्यांचं काय झालं असेल हे मी पाहिलंच नाही. दिवाळीनंतर कुणीतरी म्हणालं, मारोती दम्यानं बसून असतो. जायला हवं, असं रोज वाटायचं. त्यांचं गाव तासाभरावर. पण दुकान कसं सोडू, आणि तिथं जाऊन काम काय सांगू... त्यांनी माझ्याकडे यायला एवढी वर्षं काम शोधलं होतं, मला एकदा सुचलं नाही.

शेवटी मी गेले, ते भाऊ वारल्यावर. तलावाच्या पाळीवर घर, बाहेर डोंगा पालथा घातलेला. जळक्या तेलाचा थर वाळून पांढुरका पडलेला. पार्वताबाई, त्यांची बायको, मला पाहून उठली.

"तू आलापल्लीची तेलवाली नं? ये, बस. तुले कधी पाह्यली नाई, पन तुही सारी खबर मले हाय. मासोळीचा काटा घशात गेला होता नं तुह्या? भाताचा गोळा गिळाले सांग म्हनून मीच सांगितलं होतं त्याले."

बिनदुधाचा चहा तिनं पुढे ठेवला. मला तो घेता येईना. "बाई, गाडी मीच बदलायला लावली," एवढंच मी बोलले. ती उठली. आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली ती हातात कागदाची पुडी घेऊन. माझ्याच दुकानातला कागद, माझ्याच दुकानातली दोरी. आत रबरी सील. कोरं, टाल्कम लावलेलं, कधी बसवलेलंच नाही.

"पण ते तर म्हणाले बसवलं..."

"त्याले बसवाले येत नव्हतं काय? सारी मोटार आंगनात खोलत होता तो. मी म्हनो, बसव आता, पोरीनं नागपूरहून आनलं. तं म्हने, गळती बंद झाली तं बाईमानसाच्या दुकानात बसू कोनत्या कामानं? लोक दोघायलेबी नाव ठेवतीन. एकटी राहाते ते पोरगी, भेते. गाडी गळून राह्यली तं कोन काय म्हनन?"

मी सील पुन्हा कागदात गुंडाळलं. दोरी बांधत विचारलं, "मग नवीन गाडी का घेतली त्यांनी?"

"तू रडली म्हने," पार्वताबाई म्हणाली. "घरी आला तं जेवला नाई. पोरगी रडून राह्यली, आता काय करू, म्हने."

तिनं ती पुडी मला नेऊ दिली. सील आता दुकानात, चौकटीजवळच्या खिळ्यावर टांगलेलं आहे. त्याच चौकटीच्या, वाळवी न लागलेल्या. दारातलं खोकं मी हलवलेलं नाही, त्याच्यासमोर फरशीवर तेलाचा काळा डाग आहे, सोडा टाकून घासला तरी निघत नाही. मीही फार घासत नाही. हे परवा ट्रकवरून आले तेव्हा म्हणाले, खोकं काढ, जागा होईल. मी म्हटलं, असू द्या.

मागच्या बाजाराच्या दिवशी दुपारी नाक्यावर ती धडधड ऐकू आली. मी उभी राहिले. कोण असणार हे माहीत होतं, तरी उभी राहिले. अहेरीचे मास्तर बुलेट घेऊन आले होते. त्यांनी ती नेमकी त्या डागावर लावली, बहुधा गाडीलाच सवय असेल. तिन्ही तेलं मी न विचारता काढून आणली. क्लचच्या डब्यात पातळ तेल हळूहळू ओतलं आणि थेंबाची वाट बघत बसले. मास्तर खोक्यावर बसले होते. बाजूच्या भोकातून थेंब आला, खाली पडला.

"ताई, ही गळती बंद नाही का होणार?" मास्तर म्हणाले. "काहीतरी रबरी सील असतं म्हणे हिला, नागपूरला मिळतं."

सील त्यांच्या डोक्याच्या वरच होतं, खिळ्यावर. मी नरसाळं फडक्यानं पुसलं.

"जुनी गाडी आहे, सर," मी म्हटलं. "मानत नाही. दर आठवड्याला आणत जा."