शनिवारी न पेटलेली चूल

साऱ्या ठाणे जिल्ह्यात आजवर जेवढ्या राजकन्यांना मूर्च्छा आली, त्या सगळ्यांना ती माझ्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर आली. शेजारी प्रणयकथांचे कादंबरीकार. मी कचेरीतला कारकून आणि संध्याकाळचा त्यांचा लेखनिक. त्यांची मोडी त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे, म्हणून छापखान्यासाठी बाळबोध प्रत मी करायचो. पंधरा वर्षं केली. लिहिताना ते स्वतःच नायिका होत. एकदा विरहाच्या प्रसंगी असे हुंदके द्यायला लागले की भाजीवाली टोपली न उतरवताच दारातून परत गेली. घर सांभाळणारी विधवा बहीण आतून म्हणाली, "दादा, तुझ्या राजकन्येचं रडून झालं असेल तर आंघोळीला ये, पाणी निवतंय." कुणाचं वाईट झालेलं त्यांना सोसत नसे. बुडालेला राजपुत्र शेवटच्या प्रकरणात कोळ्यांच्या होडीतून परत यायचाच. "निदान वाघानं खाल्लेला प्रधान तरी मेलेला राहू द्या," मी कंटाळून म्हणालो. तर म्हणाले, "म्हातारा वाघ हो, लेखनिक. दातच नव्हते त्याला."

अशा माणसानं एक दिवस खरीच माणसं घरात आणली. एक म्हातारा, त्याची सून आणि वयात आलेली नात. इराणातले यहुदी. धर्म सोडा नाहीतर जीव सोडा, अशी तिकडे वेळ आलेली. त्यात एका अंमलदाराला ती मुलगी हवी होती. त्याची माणसं मुंबईपर्यंत मागावर होती. आमच्याकडचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, त्यांच्याच धर्माचे. त्यांनी तिघांना खाडीतून उतरवून घेतलं. पण पहिला शोध तेल्यांच्या घरांतच होणार, म्हणून कादंबरीकारांनी आपलं घर दिलं. मला सांगितलं, "लांबचे नातलग, तळकोकणातले." बायकांना लुगडी नेसवली, म्हाताऱ्याला पगडी दिली. ती त्याच्या डोक्यावर कधी सरळ बसली नाही. शनिवारी त्यांची चूल पेटेना, तेव्हा कादंबरीकारांनी आळीत ठोकून दिलं, "मारुतीचा कडक उपास! मौनसुद्धा आहे." आळी इतकी भारावली की बायका म्हाताऱ्याच्या पाया पडायला येऊ लागल्या. तो बिचारा घाबरून उलट त्यांच्याच पाया पडायचा.

मला सगळं कळलं होतं. पंधरा वर्षं वेषांतरं उतरवून काढलेल्या माणसाला एक पगडी काय फसवणार? पण त्यांनी तेल्यांना विश्वासात घेतलं आणि मला नाही, हे फार लागलं.

एका शुक्रवारी कचेरीच्या पायरीशी एक अत्तरवाला भेटला. "रावसाहेब, इकडे कुणाकडे परकी माणसं उतरली आहेत का?"

"परकी कसली," मी म्हणालो. "आमच्या शेजारी पाहुणे आहेत. शनिवारी चूल पेटवत नाहीत, इतके धार्मिक."

तोंडून निघून गेलं, असं मी आजवर सांगत आलो. निघून गेलं नव्हतं. तो कुणासाठी विचारतोय हे कळत असताना मी बोललो.

शनिवारी सकाळी राहवेना. ओसरीखाली उभं राहून इतकंच म्हणालो, "पाहुण्यांची कुणीतरी चौकशी करतंय." आणि कचेरीत निघून गेलो. पुढचं बहिणीनं सांगितलं. ठाण्याच्या स्टेशनावर पाळत असेल म्हणून बैलगाडीनं कल्याणला न्यायचं ठरलं. शनिवारी त्यांना गाडीत बसणं वर्ज्य, पण जीव वाचवायला मुभा आहे, असं म्हणत म्हाताऱ्यानं सून आणि नात यांना स्वतः गाडीत चढवलं. आपण चढला नाही. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "घर रिकामं दिसलं तर ते लगेच मागे धावतील. दार उघडायला मी थांबतो."

कादंबरीकार दोघींना कल्याणहून घाटावरच्या आगगाडीत बसवून परतले, तेव्हा दार उघडं होतं. ओसरीवर पगडी नीट ठेवलेली. म्हातारा पुन्हा कुणाला दिसला नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी याच हकिकतीवर कादंबरी लिहिली. माझ्यापर्यंत आली तेव्हा शेवटचे कागद कोरे होते.

"एवढं प्रकरण तुम्ही लिहा, लेखनिक," आवाज न चढवता ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे." आणि नेहमीसारखा पानाचा डबा आधी माझ्यापुढे सरकवला. वारेपर्यंत तसाच सरकवत राहिले.

ते कोरे कागद माझ्याकडे आहेत. थकलेल्या हातानं अधूनमधून बोरू धरतो. त्यांच्याच वळणानं कोळ्यांची होडी खाडीत आणतो. होडी काठाला लागते. तिच्यातून कुणी उतरत नाही.